पांढरा ठिपका

माझ्या धाकट्या बहिणीनं, योसिनानं, समोर नसलेलं फूल जन्मात कधी काढलं नाही. आमच्या बेटावरच्या मिडलबर्ख शहरात फुलं काढणारे चित्रकार काही कमी नव्हते, पण ते दुसऱ्याच्या चित्रावरून गुलाब उतरवायचे आणि वर छातीठोकपणे सांगायचे की बागेतून ताजा आणून काढलाय. योसिनाला तसलं चालायचं नाही. एकाच फुलदाणीत तिला वसंतातला ट्यूलिप हवा आणि पानगळीतला झेंडूही हवा, मग एकेक चित्र वर्षभर रेंगाळायचं. ती चित्राच्या लाकडी फळीवर मोकळ्या जागा सोडून ऋतूची वाट बघत बसायची, आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाची समजूत काढायला मी. "तुमचा आयरिस अजून जमिनीत आहे, उन्हाळ्यात या," असं मी शहरातल्या एका बड्या पंचाला तोंडावर सांगितलंय.

मी तानेके. लग्न केलं नाही. माझ्या तोंडापुढे कोणी टिकलं नाही असं शेजारची पीटरनेला म्हणते, आणि तिला दुसरा उद्योग नाही म्हणून मी म्हणू देते. योसिनाचा नवरा लेविन पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांवर सुकाणू धरायचा, वर्षानुवर्षं घरी नसायचा. म्हणून मी सोबतीला आले ती राहिलेच. घरात आम्ही दोघी आणि तिची मुलगी मायकेन. पोर सात वर्षांची, पण जीभ माझ्यावर गेलेली.

फुलावर योसिना सगळ्यात शेवटी पाण्याचा थेंब ठेवायची. थेंब कसला, एक पांढरा ठिपका, बारीक कुंचल्याच्या टोकानं टेकवलेला. तो टेकला की फूल पुरं झालं, असं ती म्हणायची. आणि तो टेकला की फुलदाणीतलं खरं फूल गळून पडायचं. आधी मी लक्ष दिलं नाही, फुलं काय, गळतातच. पण ठिपका दिला नाही तर तेच फूल आठवडेच्या आठवडे तसंच राहतं, पाकळीची कडसुद्धा मऊ पडत नाही, हे हळूहळू माझ्या ध्यानात आलं. पाणी बदलायचं काम माझ्याकडेच होतं.

एकदा मी गमतीनं म्हटलं, "योसे, या निळ्या आयरिसला थेंब नको देऊस बाई, मला तो नव्या वर्षाला टेबलावर हवाय."

तिनं नाही दिला. जूनमधला आयरिस ऐन थंडीत आमच्या टेबलावर ताठ उभा होता. बाहेर कालवा गोठलेला, आत हा. मायकेनला पहिल्यांदा भारी मजा वाटली. मी त्याला हात लावून बघितला तर गार होता, आणि त्याला आयरिसचा वास येत नव्हता, फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याचा येत होता.

"आई, दे ना त्याला थेंब," शेवटी पोरच म्हणाली. "दमलाय तो."

योसिनानं ठिपका दिला. मी पावाचा पुढचा तुकडा कापायच्या आत आयरिस टेबलावर आडवा झाला होता. आम्ही तिघी हसलो, पण त्यानंतर त्या विषयावर घरात कोणी फारसं बोललं नाही.

लेविन पुन्हा जहाजावर गेला त्याच वर्षीच्या पानगळीत मायकेनला हिवताप आला. आमच्या बेटाभोवती सगळी दलदल, तिथं दरवर्षी त्या दिवसांत ताप निघतो, आणि नव्या कबरी लहानच असतात. पोर भिंतीतल्या पलंगात थडथड उडत होती. दाढा वाजल्याचा आवाज वरच्या खोलीपर्यंत जायचा. वैद्य आला, नाडी धरून उभा राहिला आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "उद्याचा दिवस काढेल असं वाटत नाही. देवाचं नाव घ्या."

मी देवाचं नाव घेत होते तेवढ्यात योसिना वरून तिवई, फळी आणि रंग घेऊन खाली आली.

आमच्याकडे लेकरू गेलं की काही घरांतून चित्रकाराला बोलावतात. कपाळावर रोझमेरीच्या डहाळ्या बांधून निजवलेलं पोर काढून घेतात आणि मग जन्मभर त्याच्याकडे बघून रडतात. मला वाटलं हिनं तेच आरंभलंय. माझं डोकंच फिरलं.

"अगं, जीव आहे अजून तिच्यात. इतकी कसली घाई झालीय तुला?"

"जीव आहे म्हणूनच," ती म्हणाली. "मेलेलं मी काढत नाही, ताई. बाजूला हो, उजेड अडतोय."

तिनं आयुष्यात कधी माणसाचा चेहरा काढला नव्हता. तिला येतच नव्हता. म्हणून तिनं मायकेनला काढलं ते फूल काढतात तसं. आधी मागचा काळोख, मग त्यातून वर येणारी बारीक मान, मग गाल, पाकळीला कड देतात तशी कड दिलेला. पांढऱ्या टोपीच्या चुण्या तर थेट पॉपीच्या पाकळीच्या. मी मध्येमध्ये पोरीच्या कपाळावरचं फडकं बदलत होते आणि बहिणीला मनातल्या मनात शिव्या घालत होते. संध्याकाळ व्हायच्या आत तिनं डोळे काढले, उघडे, तपकिरी बुबुळांचे, आणि कुंचला खाली ठेवला.

मी चित्राजवळ गेले. कुठल्याही जिवंत डोळ्यात उजेडाचा एक पांढरा ठिपका असतो, माणसाच्या असतो, गुराच्या असतो, कोंबडीच्यासुद्धा असतो. तो तिनं दिला नव्हता.

"योसे," मी म्हटलं, "काय केलंस तू हे?"

"लेविन आला की बघू," ती म्हणाली. "त्याला पोर दाखवल्याशिवाय मी या चित्राला हात लावणार नाही."

मागे वळून बघते तर पलंगातली थडथड थांबली होती. मायकेन उठून बसली होती. मी धावत जाऊन तिला पोटाशी धरलं. ती गार होती. मी तिचं तोंड खिडकीकडे वळवलं. खिडकीत मावळतीचं ऊन भरलं होतं आणि तिच्या डोळ्यांत त्याचा मागमूस नव्हता.

वैद्यानं हात जोडून देवाचे आभार मानले आणि आपलेही मानून घेतले. पीटरनेला तर गल्लीभर सांगत सुटली. माझा मात्र जीव त्या दिवसापासून टांगणीला लागला.

मायकेन बोलायची नाही. खायची नाही. ताकातली लापशी तिची जीव की प्राण, पण वाटी पुढे केली तरी ती वाटीकडे बघायचीसुद्धा नाही. पाणी तेवढं प्यायची, घटाघट, सकाळ-संध्याकाळ. एखाद्या दिवशी उशीर झाला तर तिची मान छातीवर पडायची, आणि पाणी पोटात गेलं की हळूहळू वर यायची. योसिनानं तिला खिडकीशी खुर्चीत बसवलं होतं. सकाळी तिचं तोंड धक्क्याच्या बाजूला असायचं, दुपारी समोर, संध्याकाळी चर्चच्या मनोऱ्याकडे. तिला कोणी वळवत नव्हतं. ऊन जाईल तिकडे ती जायची. उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवली तर मधमाश्या आत यायच्या आणि तिच्या ओठांवरून चालायच्या. मी फडक्यानं त्यांना हाकलायची. ती पापणीही हलवायची नाही.

पीटरनेला लोकर विणत तिच्यासमोर बसायची आणि कौतुक करायची. "किती गं मुकाट पोर. माझी कार्टी बघ, घर डोक्यावर घेतात." फुलांच्या असल्या चित्रांना आमचे व्यापारी 'मुकाट जिणं' म्हणतात. तिला बिचारीला काय ठाऊक ती काय बोलून गेली. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे उगाचच भांडी आपटली.

एक हिवाळा गेला, दुसरा गेला. पीटरनेलाच्या मुली वाढल्या, त्यांचे झगे आखूड झाले. मायकेनच्या पायातले बूट तेच राहिले. मग मात्र गल्लीतली माणसं आमच्या खिडकीखालून जाताना पलीकडच्या कडेनं जायला लागली. योसिनानं फुलं काढणं सोडूनच दिलं. पांढरा रंग तिनं घरात ठेवला नव्हता, चुकून एखादा शिंतोडा उडेल म्हणून. दिवसभर त्या चित्रासमोर बसून माश्या वारायची. एखाद्या माशीनं चित्रातल्या डोळ्यावर घाण केली तर, हा एकच विचार तिच्या डोक्यात. तिचे केस पांढरे झाले आणि मी बघत राहिले.

गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही. एके दिवशी मी तोंड सोडलंच.

"ही आपली मायकेन नाही, योसे. आपली मायकेन एव्हाना चार वेळा माझ्याशी भांडली असती."

"पाणी पिते ना? ऊन कळतं ना तिला?"

"कुंडीतल्या रोपालाही कळतं. संपव एकदाचं. त्या आयरिसला सोडवलंस ना? मग पोटच्या पोरीला का असं ठेवलंयस?"

ती माझ्या अंगावर धावून आली. लहानपणीसुद्धा आम्ही अशा भांडलो नव्हतो. "लेविन येईपर्यंत," ती ओरडली, "लेविन येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाहीस तू." मग ती खाली बसून रडली आणि मीही रडले. मायकेन उन्हाकडे तोंड करून बसली होती.

तिसऱ्या हिवाळ्यात लेविनच्या जहाजावरचा एक सोबती दारात आला. टोपी हातात होती, तेव्हाच मला कळलं. परतीच्या वाटेवर, आफ्रिकेच्या टोकाशी, वादळात सुकाणूचा दांडा छातीवर बसला आणि लेविन पाण्यात गेला. सापडला नाही. तो माणूस म्हणाला, "सारखं पोरीचं बोलायचा. माझी किती मोठी झाली असेल, दाराच्या वरच्या कडीला हात पुरत असेल का, हेच." मी त्याला बियर दिली आणि योसिनाला धरून बसले.

घरात मरण आलं की आमच्याकडे शेजारणी येऊन घर ताब्यात घेतात, घरच्या माणसांना काही विचारत नाहीत. विचारायचं नसतंच. पीटरनेला आणखी दोघींना घेऊन आली. खिडक्यांच्या झडपा अर्ध्या लोटल्या, आरशावर कापड टाकलं आणि रिवाजाप्रमाणे भिंतींवरची, तिवईवरची सगळी चित्रं फिरवून त्यांची तोंडं भिंतीकडे केली. मेलेल्यानं रंगांत अडकू नये, म्हणून. तेव्हा योसिना आत पलंगावर होती आणि मी तिच्या पायांना शेक देत होते. त्या एका चित्राचं कुणाच्या लक्षात राहणार?

बाहेरच्या खोलीतून पीटरनेलाची आरोळी आली.

मी गेले तेव्हा तिघी शेजारणी दाराशी एकमेकींना बिलगून उभ्या होत्या. मायकेन खुर्चीत होती. अंग खिडकीकडे आणि तोंड पाठीमागच्या भिंतीकडे. पूर्ण मागे. माणसाची मान तशी वळत नाही, देठ वळतो.

"आम्ही हात लावला नाही गं," पीटरनेला पुटपुटली. "आपली आपण वळली." मग तिघी निघून गेल्या. विणायची लोकरसुद्धा तिथंच राहिली.

योसिना मागून आली, तिनं बघितलं आणि धावत जाऊन चित्र सरळ केलं. मायकेनची मान सावकाश परत फिरली. हाडाचा आवाज झाला नाही, काहीच आवाज झाला नाही. मग तिनं तोंड उघडलं. इतक्या काळात पहिल्यांदा.

"आई, मला परत तिकडे कर ना."

आवाज तिचाच होता. पण तळघरातून यावा तसा गार.

योसिना तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "कशाला, राणी?"

"तिकडे बाबा आहेत. ओले झालेत. माझी वाट बघतायत."

"काय म्हणतात बाबा?"

"विचारतात, मायकेन, किती वाढलीस? मी काय सांगू, आई?"

योसिना बराच वेळ तिच्या मांडीवर डोकं टेकून होती. मग उठली, तोंड धुतलं आणि अगदी रोजच्या आवाजात मला म्हणाली, "ताई, त्या कोपऱ्यावरच्या रंगवाल्याकडून थोडा पांढरा घेऊन ये."

मीच तिला तोंडावर सांगितलं होतं, संपव एकदाचं म्हणून. आता ती संपवायला निघाली तर मी दाराशीच रेंगाळले. तरी आणला.

सकाळी तिनं झडपा सताड उघडल्या. शेजारी काय म्हणतील याची तिला पर्वा नव्हती, आणि कुणी काही म्हणालंच असतं तर मी बघून घेतलं असतं. रंग घोटून झाला, कुंचला भिजवून झाला, आणि ती अडली. ठिपका डोळ्यात नेमका कुठे असतो ते तिला बघायचं होतं, आणि पोरीच्या डोळ्यांत तो नव्हताच. समोर नसलेलं तिनं कधी काढलं नव्हतं.

"तू खिडकीसमोर उभी राहा," ती म्हणाली. "तुझ्या डोळ्यांत बघते."

मी उभी राहिले. ती माझ्या तोंडाशी तोंड आणून माझ्या डोळ्यांत बघत राहिली, फुलाकडे बघायची तशी, बहिणीकडे बघतात तशी नाही. मग वळली आणि चित्राच्या डाव्या डोळ्यावर कुंचला टेकवला.

"मावशी," मायकेन म्हणाली, "भूक लागली."

मी वळले. तिच्या एका डोळ्यात खिडकी चमकत होती, गजांसकट. गालावर रंग आला होता. मी तिचा हात धरला, तो गरम होता, माझ्या देवा, गरम. माझ्या न्याहरीच्या लापशीची वाटी टेबलावर होती. मी ती उचलली, चमचा तिच्या तोंडाशी नेला. तिनं खाल्ली. गिळली. "साखर कमी आहे," म्हणाली.

"योसे, थांब," मी ओरडले. "एवढंच पुरे. ती आलीय, खातेय, एका डोळ्यानं राहील बापडी. थांब, तुझ्या पाया पडते."

योसिनाची पाठ आमच्याकडे होती. ती वळली नाही.

आणि हातातला तो हात आणखी गरम झाला. मग भाजायला लागला. जिथं थांबला होता तिथूनच तो ताप परत सुरू झाला. पोरीच्या दाढा चमच्यावर वाजू लागल्या. खुर्ची फरशीवर खडखडायला लागली, त्या पानगळीत पलंग वाजायचा तशीच. "मावशी, थंडी," ती म्हणाली. "मावशी, आणखी दे." मी तिला शाल गुंडाळत होते, चमचा भरत होते, लापशी तिच्या हनुवटीवरून सांडत होती आणि मी योसिनाला काय काय बोलले ते मला इथं सांगता येणार नाही.

उजवा डोळा तिनं पुरा केला.

खडखड थांबली. मायकेन माझ्या दंडावर टेकली, झोपलेलं पोर टेकतं तेवढ्याच वजनानं. तिला वजन होतं. इतक्या काळानं मला ते जाणवलं आणि मी तिला तशीच धरून बसले.

योसिना चित्राकडे तोंड करूनच उभी होती. कुंचला पुसायचं फडकं तिच्या हातात होतं आणि ती कुंचला पुसत होती, पुसत होती.

"मी बघितलं असतं तर हात चालला नसता," ती म्हणाली. आणि मग जराशानं, "ताई, तिनं माझ्याकडे बघितलं का गं? डोळ्यांत उजेड आला तेव्हा?"

"बघितलं," मी म्हटलं. "तुझ्याकडेच बघत होती."

पोर शेवटपर्यंत लापशीच्या वाटीकडे बघत होती.